झाडीपट्टींतला हिंवाळा

बदलीचा हुकूम हातीं पडला त्या दिवशीं आमच्या नाशिकच्या घरावर जणूं सुतकाची छाया पडली. नकाशा काढून चंद्रपूर कोठें आहे तें पाहण्यांत आलें. महाराष्ट्राच्या पूर्वेच्या टोकाशीं, हिरव्या रंगाच्या एका मोठ्या डागाच्या कडेला तें सांपडलें. "हें तर तेलंगणाच्या उंबरठ्यावर!" असें थोरले बंधू म्हणाले, आणि मातोश्रींनीं, "पोरांना घेऊन त्या अरण्यांत कशाला? तूं एकटा जा. सुनेला व मुलांना येथें ठेव," असा निर्णय देऊन टाकला. एकत्र कुटुंबांत मुलें हीं एकट्या आईबापांचीं नसतात, हें वाचकांस निराळें सांगावयास नको. तरीहि हो-ना करतां करतां आम्ही सहकुटुंब निघालों, तें एका अटीवर: एक वर्ष पाहावयाचें, आणि येत्या जून महिन्यांत निदान थोरल्या चिरंजीवांस तरी नाशिकच्या शाळेंत परत आणून घालावयाचें. ही अट आमच्या सामानांतल्या सर्वांत जड ट्रंकेसारखी वर्षभर आमच्याबरोबर होती.

परदेश म्हणजे समुद्र ओलांडलाच पाहिजे असें नाहीं. वर्धेस गाडी बदलली कीं पुरे होतें. भाषा मराठीच, पण कानाला अनोळखी. पहिल्याच आठवड्यांत भाजीवालीनें "सांभार घेता का जी?" असें विचारलें, तेव्हां सौ.नें "नको बाई, आज आमच्याकडे आमटी आहे" असें उत्तर दिलें. ती बिचारी हातांत कोथिंबिरीची जुडी घेऊन बघतच राहिली! ह्या बाजूस कोथिंबिरीलाच सांभार म्हणतात, आणि येथील प्रसिद्ध सांभारवडी ती हीच, हें ज्ञान आम्हांस त्या दिवशीं झालें. वैनगंगेच्या कांठच्या ह्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, आणि तिची बोली ती झाडीबोली. तींत 'ण' चा 'न' होतो व 'ळ' चा 'र' होतो. आमच्या सहा वर्षांच्या धाकटीनें महिन्याभरांत 'डोळा' टाकून 'डोरा' उचलला. थोरला मात्र नाशिकचा अभिमानी. तो तिला प्रत्येक शब्दाला सुधारीत असे, आणि ती प्रत्येक शब्दाला त्यास हंसत असे.

चंद्रपूरचा उन्हाळा महाराष्ट्रभर बदनाम आहे. पारा ४७ अंशांवर गेल्याचें वर्तमानपत्रांत कधीं कधीं वाचावयास मिळतें. पण येथील हिंवाळ्याची कीर्ति कोणी गात नाहीं, हा त्या ऋतूवर मोठाच अन्याय होय. दिवाळी सरली कीं हवेला एकाएकीं धार येते. पहांटे गल्लीच्या तोंडाशीं शेकोट्या पेटतात, आणि त्यांच्याभोंवतीं दूधवाला, रिक्षावाला, शाळेचा शिपाई हे सर्व एकाच पंक्तीला बसतात. अर्थात् सर्वच गोड आहे असें नव्हे. गांवाभोंवतीं कोळशाच्या खाणी आहेत आणि जवळच मोठें औष्णिक वीजकेंद्र आहे. थंडीच्या दिवसांत धूर खालीं बसतो व दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी येते. तरीहि दहाच्या सुमारास अंगणांत जें कोंवळें ऊन पडतें, तें विसरूं म्हटलें तरी विसरतां यावयाचें नाहीं. त्या उन्हांत सतरंजी टाकून मुलें अभ्यास करीत, सौ. आवळे किसून वाळत घाली, आणि सुट्टीच्या दिवशीं आम्ही नुसतेच बसून राहत असूं. बाजारांत तळ्यांतले ओले शिंगाडे येत. गोंड राजांच्या अमदानीपासून ह्या भातमुलखांत तळीं बांधण्याची रीत आहे, आणि त्या तळ्यांत धीवर लोक शिंगाडा लावतात. एकादशीला शिंगाड्याचें पीठ खाणाऱ्या आमच्या घराण्यानें तें काळें, शिंगांचें फळ सालासकट प्रथम पाहिलें तें येथें.

एक गोष्ट येथें प्रांजळपणें कबूल केली पाहिजे. नाशिकच्या घरांत आम्ही अकरा माणसें. तेथें मुलांस गोष्ट सांगावयास आजी, अभ्यास घ्यावयास काकू, रागें भरावयास काका. बापाच्या वांट्यास उरे तो फक्त पगार. येथें चौघेंच. रात्रीं आठ वाजतां दारें लावून एकाच रजईखालीं चौघांनीं बसावें, आणि गोष्ट सांगण्याची पाळी आमच्यावर यावी! पहिल्या चार रात्रींत आमच्या गोष्टी संपल्या. पांचव्या रात्रीं थोरल्यानें आम्हांस गोष्ट सांगितली, तेव्हां ह्या मुलाला इतकें बोलतां येतें हें आम्हांस दहा वर्षांनीं कळलें.

गोष्टी संपल्या म्हणून आम्ही रविवारीं त्या शोधावयास बाहेर पडूं लागलों. पहिली गोष्ट गांवाच्या परकोटानेंच दिली. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह ह्याच्या अंगावर गळवें होतीं. झरपट नदीच्या एका डबक्यांतील पाणी लावून तीं बरीं झालीं, आणि तेथेंच अचलेश्वराचें देऊळ झालें, अशी आख्यायिका आहे. पुढें शिकारीस गेला असतां त्यास एक ससा दिसला. त्या सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, आणि नवल असें कीं ससाच राजाच्या कुत्र्याच्या पाठीस लागला होता! ज्या वाटेनें ससा धांवला त्या वाटेनें राजानें परकोट बांधावयास घेतला, असें सांगतात. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अचलेश्वर ह्या चारहि दरवाज्यांपाशीं उभे राहून आमच्या मुलांनीं ससा कोठून वळला असेल ह्याचा निकाल लावला. इतिहास मात्र सशाच्या बाजूचा निघाला नाहीं: १७५१ सालीं हें राज्य नागपूरकर भोंसल्यांकडे गेलें, आणि १८१८ सालीं इंग्रजांच्या तोफांनीं ह्याच तटास खिंडार पाडलें. अचलेश्वराजवळ राणी हिराईनें आपला पति बीरशाह ह्याची समाधि बांधली आहे. तेथें सौ. बराच वेळ कांहीं न बोलतां उभी होती.

मार्गशीर्षांत ताडोब्यास गेलों. मोहर्लीची वेस तासाभराच्या वाटेवर आहे. तारू नांवाचा एक गांवप्रमुख वाघाशीं झुंजतांना मेला व देव झाला; त्याच्यावरून ताडोबा हें नांव पडलें. तळ्याच्या कांठीं मोठ्या झाडाखालीं त्याचें ठाणें आहे, आणि पौषांत तेथें आदिवासींची यात्रा भरत असे. १९५५ सालीं येथें महाराष्ट्रांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें, तें सुमारें ११६ चौरस किलोमीटरांचें; १९८६ मध्यें अंधारीचें अभयारण्य झालें, आणि १९९५ मध्यें दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. पहांटेच्या अंधारांत उघड्या जिप्सींत घोंगडीं पांघरून आम्ही बसलों. दांतांवर दांत आपटत होते. तळ्यावर धुकें, कांठाला सुसर पडलेली, बांबूच्या बेटांतून सांबराचा एक ठणठणीत इशारा, आणि मग स्तब्धता. वाटाड्यानें गाडी थांबविली. अर्धा तास आम्ही श्वास रोखून बसलों. वाघ आला नाहीं. परततांना थोरल्याचें तोंड एवढेंसें झालें होतें.

दुसऱ्या दिवशीं तो आपली निराशा आमच्या कामवालीस सांगत बसला. ती त्या जंगलाच्या कडेच्याच गांवची. तिनें भांडीं घांसतां घांसतां सर्व ऐकून घेतलें व म्हणाली, "बाबू, तुमी पैसे देऊन वाघ पाहाले जाता, आमी तो दिसू नाई म्हनून देवाले नवस बोलतो." मग कळलें कीं तिचा सख्खा मामा मोहफुलें वेंचावयास गेला तो परत आला नव्हता. ह्या जिल्ह्यांत वाघ वाढले ही अभिमानाची गोष्ट खरी, पण सरपणास, मोहास, तेंदूच्या पानांस रानांत गेलेलीं कित्येक माणसें दरवर्षीं त्यांच्या तावडींत सांपडतात, हीहि गोष्ट तितकीच खरी. थोरला त्या दिवसापासून वाघाविषयीं निराळ्या स्वरांत बोलूं लागला. हा धडा कोणत्या शाळेंत मिळाला असता?

त्याच महिन्यांत वडशाकडील एका खेडेगांवीं नाटकाचें आमंत्रण आलें. भात घरांत आलें कीं दिवाळीपासून होळीपर्यंत ह्या मुलखांत नाटकांची झोड उठते. गांवोगांवीं मंडई भरते, लेकी-जांवई, पाहुणे जमतात, दिवसा बैलांचा शंकरपट व रात्रीं नाटक. २०१४ सालच्या न्यायालयाच्या निर्णयानें शर्यती थांबल्या होत्या. २०२३ सालीं त्यांस कायमची मोकळीक मिळाली. वडसा हें नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें. ह्या रंगभूमीचे परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. रात्रीं दहा वाजतां पडदा वर गेला तो पहांटेपर्यंत. चादरी, कांबळीं, शेंगांच्या पुड्या, मांडीवर निजलेलीं लेंकरें, असा तो सर्व थाट! पुण्या-मुंबईच्या दोन अंकी नाटकांत चुळबुळ करणारे आम्ही तेथें सहा तास मांडी घालून बसलों. धाकटी दुसऱ्या अंकांत निजली. थोरला शेवटपर्यंत जागा होता.

पौषांत थोरल्या बंधूंचें पत्र आलें. शाळेंत अर्ज भरण्याची मुदत जवळ आली आहे. शिवाय मातोश्री स्वतः संक्रांतीस येत आहेत व परततांना थोरल्यास घेऊन जातील. पत्र वाचून सौ. स्वयंपाकघरांत गेली ती तासभर बाहेर आली नाहीं. बंधूंचें म्हणणें चुकीचें होतें असें आम्ही कोणत्या तोंडानें म्हणावें? नाशिकची शाळा चांगली, घर भरलेलें. येथें उन्हाळा जाळणारा, हवा धुराची.

मातोश्री आल्या त्या तिळगुळाचा डबा आणि मुलासाठीं नवें दप्तर घेऊन. दप्तर कपाटांत ठेवण्यांत आलें व त्याविषयीं कोणी बोललें नाहीं. पहिल्यांदां त्यांना मार्कंड्यास नेलें. तेथें वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून त्या जागेस ही कळा. मार्कंडेयाची कथा त्यांनींच मुलांस सांगितली, आणि इतक्या महिन्यांनीं खरी गोष्ट सांगणारें माणूस मिळालें म्हणून मुलें त्यांना सोडीनात. आमच्या एकटेपणाच्या सुखांत काय उणें होतें तें आम्हांस त्या पायऱ्यांवर दिसलें.

पुढें आलापल्लीच्या सागवानांतून भामरागडकडे हेमलकसा पाहिलें. तेथें बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला, व प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनीं माडियांच्या सेवेंत आपला जन्म घातला. तेथल्या शाळेंतून शिकून माडिया मुलें डॉक्टर व वकील झालीं, हें ऐकून मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. पण "अरण्यांत पोरें काय शिकणार" हें वाक्य त्यानंतर आमच्या कानीं आलें नाहीं.

शेवटचा मुक्काम सिरोंचा. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळा झाला, त्याचें हें दक्षिणेचें टोंक. बाजारांत तेलुगू अधिक, मराठी कमी. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती येथें गोदावरीस मिळते. मातोश्री नाशिकच्या रीतीप्रमाणें गोदेला गंगाच म्हणतात. रामकुंडाच्या पायऱ्यांवर त्यांचें सारें आयुष्य गेलेलें. वाळूच्या विस्तीर्ण पटांतून वाहणारें तें पाणी पाहून त्यांनीं विचारलें, "ही कोणती नदी?" आम्ही सांगितलें. त्यांचा विश्वास बसेना. त्या सावकाश खालीं उतरल्या, पाण्यांत हात घातला, डोळ्यांना लावला, आणि म्हणाल्या, "आपलीच कीं रे! घरून निघाली तेव्हां एवढीशी होती."

परतीच्या वाटेवर त्या गप्प होत्या. चंद्रपुरास पोंचल्यावर त्यांनीं कपाटांतून दप्तर काढलें व थोरल्याच्या हातीं दिलें. "हें येथल्याच शाळेला ने. मात्र वैशाखांत दोघांना नाशकास पाठवायचें, ह्यांत मी ऐकणार नाहीं. आणि पुढच्या हिंवाळ्यांत मला न्यायला कोणीतरी या."

बंधूंस तें पटलें असें नाहीं. त्यांचें पत्र अद्याप थोडें कोरडेंच असतें; आणि आमचें चुकलें कीं बरोबर आलें, हें मुलें मोठीं झाल्यावर तींच सांगतील. पण परवां मातोश्रींचा फोन आला होता. मंडईंत भाजीवालीला त्यांनीं सांभार मागितला म्हणे, आणि ती बघतच राहिली!