पुढचा ब्रेक

दुचाकी शिकायला क्लास लावायचा, ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटायची. सायकल येते ना? मग बसा. क्लच सोडता सोडता रेस द्या, एकदोनदा गाडी बंद पडेल, मग निघेल. मी चुलत्याच्या राजदूतवर असाच शिकलो. पुढे नात्यातली, गल्लीतली कितीतरी पोरंपोरी माझ्या हाताखाली शिकली. ‘मामाकडे पाठवा, आठवड्यात तयार करतो’ अशी माझी ख्याती होती, आणि मला ती आवडायची.

त्यामुळे लायसन्सचे नियम कडक करणार, प्रशिक्षण सक्तीचं करणार अशी बातमी आली की चहाच्या टपरीवर पहिला विरोध माझा. युक्तिवाद ठरलेला: नियम वाढला की टेबल वाढतं, टेबल वाढलं की एजंट वाढतो. हे अगदीच निराधार नव्हतं. माझं पक्कं लायसन्स तालुक्याच्या ठिकाणी भरणाऱ्या आरटीओच्या कॅम्पमध्ये निघालं. मैदानात फक्कीने आठचा आकडा काढलेला, त्यावरून पाय न टेकता गाडी फिरवायची. मी फिरवली. माझ्या पुढच्या काहींनी तीही तसदी घेतली नाही, त्यांची फाइल एजंटच्या बगलेतून थेट टेबलावर गेली. तेव्हापासून परीक्षा म्हणजे नाटक, हे माझं मत पक्कं झालं. मत सोयीचंही होतं. परीक्षाच खोटी म्हटली की आपल्याला खरंच किती येतं, हे कुणी तपासायला येत नाही.

मी चाकणला एमआयडीसीत नोकरी करतो. शिफ्ट सुटताना दुचाक्यांचा लोंढा बाहेर पडतो आणि समोरून कंटेनर येत असतात. आमच्या कंपनीने दुचाकीवर येणाऱ्या सगळ्यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. मी शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसलो. पडद्यावर आकडे आले: 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यांतली जवळजवळ 44 टक्के दुचाकीवरची. खरं सांगतो, मला काही वाटलं नाही. ती माणसं मनातल्या मनात मी केव्हाच वेगळी काढली होती. कुणी दारू प्यायलेली असतील, कुणी हेल्मेट न घालणारी, कुणी तिघं बसलेली. मी हेल्मेट घालतो, म्हणजे मी त्या आकड्यात नाही.

दुपारी आम्हाला पार्किंगच्या मोकळ्या आवारात नेलं. काम सोपं होतं: चाळीसच्या वेगाने यायचं, पहिल्या शंकूपाशी ब्रेक मारायचा आणि शक्य तितक्या लवकर थांबायचं. मी स्वतःहून पहिला नंबर लावला, अर्थात दाखवायलाच. शंकू आला, मी उजव्या पायाने ब्रेक दाबला, मागचं चाक जाम होऊन किंचाळलं, गाडीची शेपूट एका बाजूला गेली आणि मी बराच पुढे जाऊन थांबलो. प्रशिक्षकाने काही न बोलता तिथे खडूने रेघ मारली. मग म्हणाला, “आता दोन्ही ब्रेक. पुढचा एकदम आवळू नका, लिंबू पिळतो तसा दाबत न्या.”

“पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो,” मी म्हणालो.

“कुणी सांगितलं?”

मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. चुलत्याने सांगितलं होतं. चुलत्याला कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. मी ही गोष्ट कधी वाचली नव्हती, कधी करून पाहिली नव्हती, कुणाला विचारली नव्हती. आणि तरी ती मी इतक्या ठामपणे इतक्या जणांना सांगितली होती.

त्याने शांतपणे समजावलं. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे जातं. मागचं चाक हलकं होतं, त्याची पकड कमी होते आणि ते घसरतं. पुढच्या चाकावर भार येतो, त्याची पकड वाढते. म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. माणूस पडतो तो घाबरून एकदम आवळला तर, हँडल वळलेलं असेल तर, नाहीतर खाली वाळू-खडी असेल तर. म्हणजे चुलत्याची भीती खोटी नव्हती, अर्धवट होती.

दुसऱ्या खेपेला माझी बोटं उठेचनात. डोक्याला पटलं होतं, पण हात ऐकेना. मी पुन्हा घसरत थांबलो, पुन्हा गेलो, पुन्हा तेच. शेवटी बोटं वळली तेव्हा गाडीचं नाक खाली दबलं आणि ती मुकाट उभी राहिली. पडलो नाही. खाली उतरून दोन रेघांमधलं अंतर पाहिलं. एकामागे एक दोन मोटारी सहज उभ्या राहतील एवढं होतं. इतकी वर्षं रस्त्यावर तेवढी जागा मी उधळत आलो होतो. नशीब, तिथे कुणी उभं नव्हतं.

पण स्वतःपेक्षा जास्त आठवली ती मी शिकवलेली मंडळी. भाची रोज नगर रोडने जाते. शिकताना तिचा हात पुढच्या ब्रेककडे गेला की मी टपली मारायचो. तिचा हात बरोबर जात होता. मी तो मोडला. स्वतःच्या अज्ञानाला मी अनुभव म्हणत होतो, आणि वर त्याचे आभार स्वीकारत होतो.

नंतर वाचायला लागलो. लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट यांच्या चमूने मोटारसायकलींच्या 900 अपघातांच्या जागी जाऊन तपास केला. 1981 च्या त्यांच्या अहवालात अपघात झालेल्यांपैकी 92 टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. म्हणजे तिथेही मामा होते! (सगळेच असे शिकत असतील तर आकडाही तसाच येणार, हे मान्य.) ब्रिटनमध्ये 1990 पासून नवशिक्याला रस्त्यावर एकटं जाण्याआधी मूलभूत प्रशिक्षण सक्तीचं आहे, आणि मोठ्या ताकदीची गाडी वयाच्या, परीक्षेच्या पायऱ्या चढत मिळते. आपल्याकडे कच्चं लायसन्स, तीस दिवस, मग पक्कं. मधल्या काळात स्वतःच्या दुचाकीसाठी कुणाकडून काही शिकलंच पाहिजे, अशी अट नाही. 100 सीसीला आणि 650 सीसीला तेच एक लायसन्स. केंद्रीय नियमांतल्या चाचणीच्या यादीत आणीबाणीत गाडी थांबवून दाखवणंही आहे, पण माझ्याकडून कुणी ते मागितलं नव्हतं. आठचा आकडा चालण्याच्या वेगाने काढतात. त्या वेगात तोल कळतो, बाकी काही नाही.

गंमत म्हणजे, एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचा आहे: एक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. भाचीची स्कूटर त्यानंतरची. तिची गाडीच माझी शिकवण गुपचूप मोडून काढत होती, तेवढंच बरं.

एजंटची भीती गेली का? नाही. एक दिवसाचं मैदानी प्रशिक्षण सक्तीचं झालं तर त्याची सर्टिफिकिटं विकणारी दुकानं महिन्याभरात उघडतील, हे मला आजही दिसतं. शंकूला पैसे चारता येत नाहीत, पण रेघ मारणाऱ्याला येतात. म्हणून चाचणी कॅमेऱ्यासमोर व्हावी, शिकवणारा आणि पास करणारा वेगवेगळा असावा, असं मी आता म्हणतो. पूर्वी एजंटचं नाव काढून मी विषय संपवायचो.

शिकवलेल्यांना एकेक करून फोन करतोय. बरेच जण हसतात. भाचा म्हणाला, “मामा, माझा पुढचा ब्रेक तर मी तेव्हाच मेकॅनिककडून ढिला करून घेतलाय. तूच म्हणाला होतास ना.” रविवारी त्याला गाडी घेऊन बोलावलंय. येताना आधी केबल ताणून घे म्हटलं, आणि बसने आलास तरी चालेल.