कोहमाऱ्याची लाल पालवी

गोंदियाहून गोरेगावमार्गे येणारी एस.टी. कोहमाऱ्याच्या चौकात उतरवून देते. मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, इथूनच जातो. ट्रकांची रीघ, चहाच्या टपऱ्या आणि दोन पावलांवर रान. या चौकातून बहिणीच्या गावी जाण्याचा माझा वर्षातून तीन-चारदा तरी प्रसंग येतो.

वाचक बंधू-भगिनींनो, इकडे यायचे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये यावे. पळस सगळेच पाहतात. माझी नजर मात्र कुसुमावर जाते. त्याची कोवळी पालवी इतकी लाल असते की लांबून झाड फुलल्यासारखेच वाटते. थोड्याच दिवसांत ती हिरवी होते. लाखेचा किडा पोसतात ते हेच कुसुम.

पण माझ्या भाच्याला घराजवळचे लाल पान दिसले नाही. त्याने मोबाईलवर जपानी मेपल पाहिला. फांद्या छत्रीसारख्या जमिनीकडे झुकलेल्या, पाने बारीक कातरलेली. क्योतोच्या तोफुकुजी या बौद्ध मंदिरात ही लाल पाने पाहायला शरद ऋतूत लोकांची गर्दी लोटते, हेही त्याने वाचले आणि विहाराच्या अंगणासाठी रोप मागवले. बिचारे मे महिना पाहू शकले नाही. आधी पानांच्या कडा करपल्या, मग काडीच उरली. या झाडाला हिवाळ्यात खरी थंडी लागते, पाने गाळून झोप घ्यावी लागते. दुपारचे ऊन त्याला सोसत नाही. शिवाय झुकलेली जात बियांतून तशीच उतरत नाही, म्हणून कलम करतात. हिमाचलच्या डोंगरात ते जगेल, आपल्या झाडीपट्टीत नाही.

पोराला मी रागावणार होतो, पण रागवायच्या लायकीचा मी नाही. त्याच अंगणात काही वर्षांपूर्वी अकरा "अशोक" मीच लावायला लावले होते. वर्गणी घरोघरची, मजुरीच्या पैशातली. सम्राट अशोकाच्या नावाचे झाड विहारात हवे, असे मी मोठ्या तोऱ्यात सांगितले होते. झाडे उंच झाली, फांद्या छान खाली लोंबल्या. पण तो निघाला खोटा अशोक, ज्याला आसुपालव म्हणतात. सरळ खांबासारखा उभा, दिसायला देखणा, सावलीला कवडीमोल. तेंदूपत्त्याच्या दिवसांत उन्हातून आलेल्या बाया विहाराच्या भिंतीला चिकटून बसायच्या. एका आजीने मला ऐकवलेच, "बाबू, तुया झाडाची सावली तुया झाडाच्याच पायाशी राहाते." हिशेबाच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेले, पण ही चूक माझ्या खात्यात आलीच नव्हती.

खरा अशोक वेगळा. त्याला सीतेचा अशोक म्हणतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या ओढ्याकाठी तो रानात सापडतो, आता तिथेही विरळ झाला आहे. फुले केशरी, पुढे लाल होणारी, थेट खोडाफांद्यांवर झुपक्याने येतात. आणि गंमत अशी की त्याची नवी पाने तांबूस, मऊ, गोंड्यासारखी खाली लोंबतात. लाल रंग आणि झुकणे, दोन्ही त्यात आहेच. मात्र त्याला ओल हवी, लहानपणी आडोसा हवा.

बैठकीत मी चूक कबूल केली. खोटे अशोक तोडले नाहीत. त्यांची फळे पाखरे आणि वटवाघळे खातात, मग कोणी कशाला कुऱ्हाड चालवा? सावलीसाठी दोन करंज लावले, आणि हातपंपाचे सांडपाणी जाते तिथे, भिंतीच्या आडोशाला, एक सीतेचा अशोक. त्याची राखण भाच्याकडे दिली.

यंदाच्या मार्चमध्ये गेलो तर त्याला तीन गोंडे फुटले होते, तांबूस, मलूल दिसणारे. शेजारी तीच आजी बादली घेऊन उभी. "हेबी चाललं का रे बाबू?" म्हणत तिने दुसरी बादली ओतली. तिला हात धरून दाखवले, की आजी, हे सुकलेले नाही, हे असेच जन्मते. तिला पटले नाही. तिसरी बादली भरायला ती पंपाकडे गेली.