अपुऱ्या दिवसांचे मूल आणि खेळाचे अंगण

मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मास आले म्हणजे त्याच्याभोवती भीतीचे एक कुंपण आपोआप उभे राहते. पहिल्या काही महिन्यांत ते आवश्यकच असते. प्रश्न पडतो तो पुढे. मूल चालू-बोलू लागते, शाळेत जाते, तरीही "जपा हो, सातमासी आहे" हे घरच्यांचे पालुपद काही संपत नाही. तामिळ भाषेत अशा मुलास 'कुरै मास कुळंदै', म्हणजे उण्या महिन्यांचे मूल म्हणतात. तंजावरच्या आमच्या मराठी घरात हे दोन्ही शब्द कानी पडतात. कारण माझी कन्या तिसाव्या आठवड्यात, सव्वा किलो वजनाची जन्मली. आज ती नऊ वर्षांची आहे.

गर्भाचे पूर्ण दिवस सुमारे ४० आठवड्यांचे. ३७ आठवड्यांपूर्वीचा जन्म अपुऱ्या दिवसांचा आणि ३२ पूर्वीचा फारच आधीचा समजतात. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बालके ३७ आठवड्यांपूर्वी जन्मली, असा अंदाज आहे. फुफ्फुसांतील सूक्ष्म वायुकोश मुख्यतः गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत आकार घेऊ लागतात व जन्मानंतरही काही वर्षे वाढत राहतात. हे कोश मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आत एका स्निग्ध द्रव्याचा थर असतो. तो तयार होण्यापूर्वीच बालक जगात आले तर प्रत्येक श्वास त्यास कष्टाचा होतो. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पुत्र साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत याच विकाराने दगावला. पुढे १९७२ साली प्रसूतीपूर्वी मातेस द्यावयाच्या औषधाचा गुण प्रसिद्ध झाला आणि १९८० साली जपानमध्ये ते स्निग्ध द्रव्यच बालकांच्या फुफ्फुसांत सोडण्यात यश आले. पूर्वी जी बालके वाचत नसत ती आता शाळेत जाऊ लागली. त्यांनी धावावे की बसून राहावे, हा प्रश्न या यशातूनच जन्मला आहे.

माझ्या कन्येच्या शाळेने त्याचे उत्तर परस्पर देऊन टाकले होते. क्रीडादिनी तिला खुर्ची आणि गुणांची वही मिळे. माझ्या मातोश्रींचेही मत तेच. "अरे, काचेच्या पेटीतली ती पोर मी पाहिली आहे. तिला धाप लावू नकोस," असे त्या म्हणत. त्यांच्या भीतीला आधार नव्हता असे नव्हे. अशा मुलांची श्वसनशक्ती सरासरीने काहीशी कमी असते. ज्यांना दीर्घकाळ प्राणवायू द्यावा लागला त्यांची अधिकच.

आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तिला सहा मिनिटे भरभर चालविले, नळीत जोराने फुंकावयास लावले आणि सांगितले, "आकडा थोडा कमी आहे; पण बसून तो वाढणार नाही. खेळू द्या."

तंजावरात मुलीने काय खेळावे, हे शोधावे लागत नाही. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या दरबारातील चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलु या बंधूंनी ज्या अडवूंची शिस्त बसविली, ते आजही येथे गल्लोगल्ली शिकवितात. अर्धे बसून पाय आपटावयाचे, तेही तीन काळांत: विलंबित, मग दुप्पट, मग चौपट. तिसऱ्या काळात कन्येस धाप लागे. बाई तिला बसू देत, पण घरी धाडत नसत. सुमारे वर्षभराने ती तिसरा काळ पुरा करू लागली. फुंकण्याच्या चाचणीचा आकडा मात्र जवळजवळ तोच राहिला.

यातील मर्म जाणून घेण्यासारखे आहे. व्यायामाने फुफ्फुसांची मूळ घडण पालटते, असे सिद्ध झालेले नाही. परंतु हृदय आणि स्नायू सरावतात, आहे त्या श्वासात अधिक काम होते आणि धापेची भीती ओसरते. बसून राहिलेल्या मुलाचे मात्र स्नायू दुबळे होतात, मग थोड्या श्रमानेही त्यास धाप लागते. आणि घरची मंडळी त्याचा दोष अपुऱ्या दिवसांना देतात.

अर्थात् विवेक हवा. प्रथम वैद्यकीय तपासणी करावी. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसास सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम सांगते. तेथवर हळूहळू पोहोचावे. आमच्याकडील चैत्र-वैशाखात सकाळचीच वेळ बरी. ओठ निळसर होणे, छातीत दुखणे, घरघर किंवा भोवळ यांपैकी काही दिसल्यास मुलास तत्काळ थांबवून डॉक्टरांस दाखवावे. श्वासावाटे घ्यावयाचे औषध दिलेले असल्यास ते जवळ ठेवावे. आणि धूर टाळावा. मग तो भोगीच्या होळीचा असो, चुलीचा असो वा घरातील वडीलधाऱ्यांच्या विडीचा. मुलाला अंगणात जाऊ न देणाऱ्या घरात विडी पेटावी, यासारखी विसंगती नाही.

अशा मुलास जीव वाचविणाऱ्यांनी श्वास मिळवून दिला. त्या श्वासाचा त्याला मनमुराद उपयोग करू देणे, एवढे काम आईबापांसाठी उरते. ते सोपे नाही. कारण त्यासाठी मुलाआधी आपल्यालाच धीर धरावा लागतो.