अम्मीचा स्टो

अम्मीच्या इंतकालाला दोन महिने झाल्यावर आम्ही दोघे भाऊ आणि आपा घर आवरायला बसलो. अब्बा आधीच गेलेले. आम्ही दोघेही शिक्षक, त्यामुळे घराचे आणि कलमांच्या बागेचे कागद नीट तयार करून ठेवले होते. "मला काही नको, भावांनाच राहू दे," असे आपा म्हणाली होती. तिच्या सहीची जागा तेवढी कोरी होती.

माळ्यावरची भांडी भंगारात द्यायची ठरली. त्यांत पितळेचा जुना प्रायमस निघाला. भंगारवाल्याने तो काट्यावर ठेवून सहाशे रुपये सांगितले. आम्ही हो म्हणणार, तोच आपा बोलली, "थांबा, याचा तळ तरी बघा."

दादाजींनी हा स्टो लंडनहून आणला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. तळ पुसला तर त्यावर स्वीडन निघाले. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये हा बिनवातीचा स्टो बनवला. स्पिरिटने बर्नर तापवायचा आणि पंप मारायचा. मग वर चढलेल्या रॉकेलची गरम नळीत वाफ होते आणि बारीक भोकातून निघून ती निळी, बिनकाजळीची जळते. अमुंडसेनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही प्रायमस होते. कंपनीने १९११ पासून तळावर सालाचे अक्षर ठोकायला सुरुवात केली. पहिले 'ए'. आमच्या स्टोवर 'सी' होते, म्हणजे १९१३. दादाजींनी तो कुणाचा तरी वापरलेलाच घेतला असणार.

सुट्टीत मुंबईला गेलो तेव्हा चोरबाजारातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला दाखवला. त्याने आधी टाकीला पोचा किंवा डाग दिलेला आहे का ते पाहिले. मग पंप, झाकण आणि पाय मूळचे आहेत का ते तपासले. "चिंच लावून घासू नका, अक्षरे झिजतात. आणि पेटवूनही बघू नका, जुना सांधा फुटला तर जिवावर बेतेल," असे त्याने बजावले. बर्नर कधी बदलला, असे विचारले तेव्हा आम्हाला सांगता येईना. आपाला फोन लावला. "माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी," ती लगेच म्हणाली. "एका पायाला डागही तेव्हाच दिलाय. वायसर मात्र दर पावसाळ्यात मीच बदलायची." दुकानदाराने अडीच हजार सांगितले. बर्नर मूळचा असता तर जास्त आले असते.

परतताना गाडीत हिशेब मांडला. दोन भाऊ, एक बहीण. मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक. पाचांतला एक, म्हणजे अडीच हजारांतले पाचशे आपाचे. तरका थोडा असो की फार, मुलीचा हिस्सा ठरलेला आहे. वर्गात अपूर्णांक शिकवताना हेच उदाहरण आम्ही किती वेळा घेतले असेल! पण घरी बागेतली कलमे मोजली, भिंती मोजल्या, आणि आपाच्या 'नको'वर विसंबून मोकळे झालो. तिला नेमके काय नको होते, हे विचारले नाही. ज्या स्टोवर तिने सातवीपासून आमचे डबे केले, तो तर तिच्यासमोरच काट्यावर चढवला.

घरी आल्यावर आपाला विचारले, "स्टो तुला हवा आहे का?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हवा आहे. पण मागितला असता तर बागेचेही मागते आहे असे वाटले असते तुम्हाला."

आमच्या दोघांचे दोन हजार आम्ही तिला हिबा केले. तिने स्टो ओढणीत गुंडाळून नेला. बागेचे कागद फाडले आणि नवे लिहिले. त्यांत पाचवा वाटा आपाच्या नावे आहे. त्यावर मात्र तिने चष्मा लावून, पूर्ण वाचून सही केली.