खलपुरुषाची मिशी

खलपुरुष आवडतो असे म्हणणे वाङ्मयाच्या वर्गात अवघड नसते. रावणापासून इयागोपर्यंत दाखले हाताशी असतात. पण बांधणे, बांधून घेणे, शासन करणे हाच ज्या चित्रांचा विषय, त्या बीडीएसएम नावाच्या दालनातला खलपुरुषही मोहक वाटतो, असे म्हणताना आमची जीभ अडखळते. हा मोह नेमका कशाचा?

जॉन कूट्स हा ब्रिटिश चित्रकार जॉन विली या टोपणनावाने 'बिझार' हे नियतकालिक काढत असे. ते १९४६ साली सुरू झाले. त्याच्या चित्रकथांतील भाबड्या ग्वेंडोलीनला पुनःपुन्हा दोरांनी जखडणारा खलपुरुष म्हणजे सर डिस्टिक डार्सी. नाव भरभर उच्चारले की इंग्रजीतले 'सॅडिस्टिक' ऐकू येते. ओठावर मिशी, मूकपटातल्या दुष्टाचा थाट आणि हटकून फसणारे डाव. त्याचा चेहरामोहरा विलीने स्वतःवरूनच बेतला होता. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग क्लॉसाठी काम करणारी बेटी पेज तर छायाचित्रांत आणि मूक लघुपटांत कधी बांधलेली दिसे, कधी शासन करणारी. १९५५ साली अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने क्लॉची चौकशी केली. समितीला ही चित्रे घातक वाटली. आम्हांला त्यांत भूमिकांची अदलाबदल दिसते. आजची पीडित उद्याची पीडक होते, आणि ते पाहणाऱ्यापासून लपवलेले नसते. मुखवटा असा ठसठशीत दिसतो, म्हणूनच त्याच्या दुष्टपणाला घटकाभर स्वतःला सोपवता येते. डार्सीची मिशी ही एक प्रकारची हमीच असते.

ही हमी नसली तर काय उरते, हे तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये (१९७२) दिसते. सखारामही घरात आणलेल्या बाईला आधीच अटी ऐकवतो. अटी, आज्ञा, शिक्षा. वरवर पाहता सारे तेच. निळू फुल्यांनी सखाराम उभा केला, आणि प्रयोग संपल्यावर तो उतरवून ते घरी जाऊ शकत होते. नाटकातल्या लक्ष्मीला ती सोय नाही. नवऱ्याने टाकलेल्या, आसरा नसलेल्या बाईने अट नाकारायची ती कोणत्या बळावर? तिचा होकार हा निरुपायाचा होकार आहे.

वर्गात हे नाटक शिकवताना मुले सखारामच्या रोखठोकपणावर खूश होतात आणि पुढच्या बाकांवरच्या काही मुली वहीत पाहू लागतात. दोघांनाही आम्ही एकच सांगतो. खलपुरुष आवडला तर त्याची लाज वाटून घेऊ नका. त्याच्या समोरच्या माणसाला 'पुरे' म्हणता येते का, आणि ते म्हणताच तो थांबतो का, एवढे मात्र पाहा.