नंबर आहे, नाव नाही

काही वर्षांपूर्वी करोल बागेतल्या एका कार्यालयाचा कारभार माझ्याकडे होता. गर्दी वाढली म्हणून आम्ही तिथे चौथा काउंटर उघडला आणि नेमकी त्याच काउंटरपुढे रांग तुंबू लागली. निवृत्त माणसे ताटकळत उभी राहत. कारकून म्हणे, "सर, प्रत्येक प्रकरण उघडताना मशीन दहा सेकंद अडते." बाकीचे तीन काउंटर सुरळीत चालत असल्याने मला ती सबब वाटली. कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा मी मंजूरही केला.

नोटीस निघण्यापूर्वी नेटवर्क सांभाळणारा तरुण भेटायला आला. तो विट्याकडचा, सोने-चांदी गाळण्यासाठी सांगली जिल्ह्यातून देशभर पांगलेल्या गलाई कुटुंबांपैकी एका घरातला. म्हणाला, "साहेब, दोष माणसाचा नाही, नोंदवहीचा आहे."

मुख्य सर्व्हर प्रत्येक जोडणीच्या वेळी समोरच्या यंत्राच्या नंबरावरून त्याचे नाव शोधत असे. त्यासाठी १९२.१६८.५.२७ हा पत्ता उलटा फिरवून २७.५.१६८.१९२ असा लिहितात, पुढे 'इन-ॲडर.आर्पा' जोडतात आणि नावांच्या सर्व्हरला विचारतात. जुन्या काउंटरांच्या मालिकेची अशी उलटी नोंद होती. नव्या मालिकेत नावावरून नंबर सापडे, नंबरावरून नाव मात्र नाही. मग आमचा सर्व्हर तो प्रश्न बाहेरच्या जगाला विचारी.

"पण बाहेरच्यांना कसे ठाऊक असणार?" तो म्हणाला. "गली नंबर दहा रैगरपुऱ्यातही आहे आणि बीडनपुऱ्यातही. मोहल्ला सोडून नुसता नंबर विचारला तर कोण सांगेल?"

१९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ असे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. तेच नंबर लाखो कार्यालयांत आणि घरांत असतात. चुकून बाहेर पडलेल्या अशा प्रश्नांना 'असे नाव नाही' एवढेच उत्तर देणारे सर्व्हर जगभर स्वयंसेवक चालवतात. त्या नकारानेही वाट पाहणे संपले असते. परंतु सुरक्षेसाठी आमचा तो मार्ग बंद होता. म्हणून सर्व्हर पाच सेकंद थांबे, पुन्हा विचारी, पुन्हा पाच सेकंद थांबे.

नावाचा शोध बंद करणे हा सोपा उपाय होता. पण मग कोणत्या काउंटरवरून कोणते प्रकरण उघडले, याच्या नोंदीत नुसते आकडे उरले असते. म्हणून आम्ही नव्या मालिकेची उलटी नोंद आपल्याच सर्व्हरवर केली. तासाभराचे काम होते. दुपारी रांग ओसरली.

आपल्या घरातले नाव आपणच लिहून ठेवायचे असते; बाहेरचा कोणी ते सांगू शकत नाही. दोन्ही बाजूंच्या नोंदी झाल्याशिवाय नवा काउंटर सुरू करू नये, असा आदेश मी काढला. नोटिशीचा मसुदा रद्द केला आणि कारकुनाला बोलावून सांगितले, "चूक माझी होती. तुम्ही खरे सांगत होतात, मी ऐकले नाही."