शेजारच्या वर्गातला तास

प्राथमिक शाळेत शिकवायला डी.एल.एड. लागतं, माध्यमिकला बी.एड. त्यात सराव पाठ द्यावे लागतात आणि मागच्या बाकावर बसून कुणीतरी निरीक्षण लिहीत असतं. वरिष्ठ महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. असली की माणूस थेट वर्गावर जातो. पुढे निवृत्तीपर्यंत त्याच्या तासाला दुसरा प्राध्यापक येऊन बसेलच असं नाही. मी भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या पेशातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे, असं माझं ठाम मत आहे.

ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९९३ साली यावर नेमकं बोट ठेवलं. संशोधन एकट्याने करायचं असेल आणि शिकवताना सोबत मिळेल, अशी तरुणपणी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात उलटं निघालं. संशोधनाला परिषदा, नियतकालिकं, परीक्षक सगळं होतं. शिकवताना मात्र दार लोटलं की माणूस एकटा.

आपल्याकडे १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. आज ती मालवीय मिशनची केंद्रं झाली आहेत. तिथल्या उजळणी वर्गांतून विषयातलं नवं कळतं, आणि ते हवंच. पण माझ्या वर्गातली मुलं कुठे गळतात, हे तिथे बसून कुणाला दिसणार?

ते शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याला दिसतं. आमच्याकडे एकमेकांच्या तासाला बसायची पद्धत आम्ही काहीजणांनी आपापसांत सुरू केली. आदल्या दिवशी शिकवणाराच सांगतो, ‘सर, उद्या एंट्रॉपी आहे, मुलं कुठे सुटतात तेवढं बघा.’ येणारा शिकवणाऱ्याकडे कमी, मुलांकडे जास्त बघतो. वहीच्या डाव्या बाजूला वेळ, उजवीकडे फक्त दिसलेलं. ‘१०.२० : फळ्यावर सूत्र. मागच्या दोन बाकांवर लिहिणं थांबलं.’ चांगलं-वाईट असा शेरा नाही.

एका सहकारी मॅडमच्या तासाला बसलेल्या सरांनी प्रश्नानंतरची शांतता घड्याळावर मोजली. चहाच्या वेळी त्यांनी वही पुढे केली, ‘मॅडम, प्रश्न तुम्हीच विचारलात आणि उत्तरही तुम्हीच दिलंत.’ मॅडम चकित झाल्या, कारण आपण भरपूर थांबतो अशी त्यांची खात्री होती. शिकवणाऱ्याचं डोकं पुढच्या पायरीत गुंतलेलं असतं, त्यामुळे एक सेकंदही त्याला लांबलचक वाटतो. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभर थांबत. ते तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. मॅडम आता प्रश्न फळ्यावर लिहितात आणि खडू खाली ठेवतात. हात रिकामा असला की थांबणं जमतं, असं त्या सांगतात. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती.

एक पथ्य आम्ही कडक पाळतो. वहीतलं पान शिकवणाऱ्यालाच द्यायचं. ते प्राचार्यांकडे जात नाही, स्थाननिश्चितीच्या फाईलला लागत नाही, नॅकच्या अहवालात शिरत नाही. ‘याचा पुरावा जोडला तर गुण मिळतील,’ असं हितचिंतक सुचवतात. गुण आले की प्रत्येकजण आपला पाठ झालेला, घोटलेला तास दाखवणार. अडलेला तास दाखवायला बोलावणारच नाही. आणि मदत अडलेल्या तासालाच हवी असते.

यातून तासिका तत्त्वावरची तरुण मंडळी बाहेर राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. शिकवण्याची उमेद त्यांच्यात भरपूर आहे, पण त्यांना पैसे घेतलेल्या तासाचेच मिळतात. एक कॉलेज संपवून दुसरं गाठायचं असतं, मग दुसऱ्याच्या तासाला बसणार कधी? पाठीवर सॅक अडकवूनच ती स्टाफरूममध्ये डोकावतात. सहकाऱ्याच्या तासाला बसणं आणि नंतरची चर्चा हेही काम आहे. वेळापत्रकात त्याला जागा द्या आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना त्या तासाचेही पैसे द्या, ही मागणी आम्ही संस्थेकडे लावून धरली आहे.